‘नाही’ म्हणणारी सिंड्रेला

सिंड्रेला, हिमगौरी, रपुंझेल ही मंडळी आपल्या घरांत येऊन कित्येक वर्षे झाली. गुळगुळीत कागदावरच्या रंगीत चित्रांतून ती आली, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली आणि मुले आठ-नऊ वर्षांची झाली की निमूटपणे माळ्यावरच्या पेटीत जाऊन बसली. अलीकडे मात्र ती पुन्हा खाली उतरली आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या हातांत जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या दिसतात आणि त्यांत हीच मंडळी असतात. फक्त चटकन ओळखू येत नाहीत. मारिसा मेयर या अमेरिकन लेखिकेच्या २०१२ सालच्या ‘सिंडर’ या कादंबरीतली सिंड्रेला भविष्यकाळातल्या बीजिंगमध्ये यंत्रे दुरुस्त करते. तिचे काही अवयवही यांत्रिक आहेत. राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट निसटत नाही, अख्खे पाऊलच गळून पडते!

हे ऐकून घरातली वडीलधारी माणसे कपाळाला हात लावतात. चांगल्या गोष्टींची ही काय मोडतोड, असे त्यांना वाटते. हे वाटणे स्वाभाविक आहे. पण मूळ गोष्ट कुठे तरी तिजोरीत जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे, असे आपण त्यात गृहीत धरलेले असते. तशी ती कधीच नव्हती.

फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ साली आपला कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात लांडगा लाल टोपीवाल्या मुलीला खाऊन टाकतो आणि गोष्ट संपते. तिला लांडग्याच्या पोटातून बाहेर काढणारा शिकारी भेटतो तो जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात. त्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला, आणि १८५७ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्यातल्या कथांवरून हात फिरवणे चालूच होते. हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी १८१२ साली तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून द्यायला सांगणारी आईही पुढच्या आवृत्त्यांत अशीच सावत्र झाली. जन्मदात्री असे करते हे मुलांना वाचायला देणे संपादकांच्या जिवावर आले असावे. म्हणजे या दोन गोष्टींपुरते तरी सावत्र आईच्या माथी आलेले पाप लेखणीच्या एका फटकाऱ्याने आले आहे.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’चेही तेच. गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या लेखिकेने १७४० साली ही लांबलचक कथा लिहिली. जान-मारी लप्रॅन्स द बोमाँ या शिक्षिकेने १७५६ साली आपल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींसाठी ती छोटी केली आणि आज आपण जी ओळखतो ती बव्हंशी तिचीच. अनोळखी पुरुषाच्या घरी जाऊन राहायचे, आधी घाबरायचे आणि मग त्याच्यातला चांगुलपणा ओळखायचा, हा धडा त्या काळच्या उपवर मुलींना कामाचा होता. मग १९७८ साली रॉबिन मॅकिन्ली हिने ‘ब्यूटी’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका स्वतःला मुळीच सुंदर समजत नाही, पुस्तकांत रमते आणि तिच्या बहिणी दुष्ट नसून मायाळू आहेत. विशेष म्हणजे त्याच कथेवर मॅकिन्लीने १९९७ साली ‘रोझ डॉटर’ ही दुसरी कादंबरी लिहिली. एकाच लेखिकेला एकच गोष्ट दोनदा सांगावीशी वाटली, यातच तिचे न संपणे आले.

परीकथा लहान असते. ती कारणे देत नाही. राजपुत्र आला, लग्न झाले, सुफळ संपूर्ण. कादंबरीला मात्र कारणांशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणून चांगला कादंबरीकार जुन्या गोष्टीत वर्षानुवर्षे पडून राहिलेला एखादा प्रश्न शोधतो. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्ट संपली की प्रश्न विचारतो ना, तसाच.

गेल कार्सन लेव्हाइन हिला असाच एक प्रश्न पडला. ही बाई न्यूयॉर्क राज्य सरकारच्या नोकरीत होती. अनेक नकार पचवल्यानंतर पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९९७ साली, तिची ‘एला एन्चांटेड’ प्रसिद्ध झाली. सिंड्रेला इतकी गुणी कशी, सावत्र आईचे सगळे मुकाट्याने का ऐकते, हे तिला उमगेना. मग तिनेच उत्तर रचले. तान्ही एला रडत होती म्हणून एका आगाऊ परीने तिला आज्ञाधारकपणाचे वरदान दिले. वरदान कसले, शापच तो! कोणीही हुकूम सोडावा आणि एलाने तो पाळावा. सावत्र बहिणीला हे गुपित कळते तेव्हा ती एलाच्या आईची माळ हिसकावून घेते आणि जिवलग मैत्रीण तोडायला लावते.

शेवटी राजपुत्र म्हणतो, माझ्याशी लग्न कर. त्याच्या दृष्टीने ती मागणी आहे. तिच्या कानांवर मात्र तो हुकूम म्हणून पडतो. तिचे त्याच्यावर प्रेम आहे. पण उद्या कोणी त्याच्याच जिवावर उठण्याचा हुकूम तिला दिला, तर? त्याला वाचवण्यासाठी ती सगळे बळ एकवटून ‘नाही’ म्हणते, आणि शाप तुटतो. त्यानंतर ती लग्नाला होकार देते तो तिचा स्वतःचा असतो. ‘नाही’ म्हणता येत नाही तोवर ‘हो’ला किंमत नाही, ही गोष्ट एवढ्या सोप्या रीतीने सांगणारी पुस्तके थोडी आहेत.

दुसरे उदाहरण देताना माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. गवतकाडीचे सोने कातून देणाऱ्या बुटक्या रंपेलस्टिल्टस्किनची गोष्ट आठवून पाहा. आपली मुलगी काडीचे सोने करते, अशी थाप गिरणीवाला राजापुढे मारतो. राजा तिला कोंडतो आणि सोने निघाले नाही तर मरण, असे बजावतो. बुटका तिच्यासाठी काम करतो आणि मोबदल्यात गळ्यातला हार, मग अंगठी, शेवटी पहिले मूल मागतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बापाने खोटे विवरणपत्र दिले, राजाने धमकी देऊन सोने उकळले आणि तारण पडली मुलगी. पण गोष्टीत शिक्षा होते ती एकट्या बुटक्याला. बापाला कोणी जाब विचारत नाही. राजा तर जावईच होतो!

नेओमी नोव्हिकच्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’ या २०१८ सालच्या कादंबरीत हा हिशेब नव्याने मांडला आहे. ती प्रौढांसाठी म्हणून निघाली, पण किशोरवयीनांना आवडेल अशा पुस्तकांसाठी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन देत असलेला अ‍ॅलेक्स पुरस्कार तिला २०१९ साली मिळाला. नायिका मिर्येम ही एका ज्यू सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की गाव त्याच्या पैशावर मजा करते आणि त्याच्या घरात आजारी बायकोच्या औषधाची भ्रांत. अखेर मुलगीच वसुलीला बाहेर पडते. पैसे नेताना गोड बोलणारे गाव ते परत मागणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहते, हे नोकरीत पुष्कळ पाहिले असल्याने ती पाने मी दोनदा वाचली. बुटक्याच्या मूळ गोष्टीत ज्यू सावकाराविषयीचा जुना द्वेष काहींना दिसतो. इथे तीच गोष्ट सावकाराच्या मुलीच्या तोंडून येते, आणि तिच्या मते ती मुळात देणे बुडवणाऱ्यांची गोष्ट आहे.

अर्थात सगळीच पुनर्कथने या तोलाची नसतात. नायिकेच्या हाती तलवार दिली, चार फटकळ वाक्ये दिली की झाली नवी परीकथा, असा समज असलेली पुस्तकेही ढिगाने येतात. तलवारीला हरकत नाही. पण जिला भीतीच वाटत नाही, तिच्या धैर्याचे कौतुक कसले? जुन्या गोष्टीतली भूक, भय आणि मोजावी लागणारी किंमत जिथे शाबूत राहते, तेच पुनर्कथन टिकते.

ही पुस्तके ज्या वयात वाचली जातात, ते वयच हुकमांचे असते. काय नेसावे, किती वाजता घरी यावे, कोणत्या शाखेला जावे. सांगणारे चहूबाजूंनी सांगत असतात, आणि त्यांतले बरेचसे हिताचेही असते. पण ऐकते ती शहाणी मुलगी, एवढीच शहाणपणाची व्याख्या तिच्या हाती पडली, तर भलत्या माणसाचा हुकूमही ती त्याच मुकाटपणे पाळेल. कुठे ऐकावे आणि कुठे ठाम राहावे, याची तालीम खऱ्या आयुष्यात महाग पडते. कथेत ती चारशे रुपयांत होते.

तेव्हा मुलीच्या हातात असे पुस्तक दिसले, तर ते ओढून घेऊ नका. माळ्यावरची जुनी चित्रांची पुस्तकेही खाली काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मग तिला विचारा, गिरणीवाला खोटे का बोलला असेल? तिचे उत्तर ऐकताना आपण मध्ये बोलायचे नाही, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.