जुन्या मोटारीची स्वयंचलित गिअरबॉक्स : लक्षण आणि निदान

भाषाशास्त्र विभागाच्या संशोधन-पत्रिकेत मोटारीच्या गिअरबॉक्सविषयी लेख पाहून वाचकांस काहीसे नवल वाटेल. परंतु निदान ही क्रिया, मग ती वैद्याची असो, कारागिराची असो वा भाषाभ्यासकाची, मूलतः एकाच प्रकारच्या विचारावर उभी असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या विचाराचे स्वरूप जुन्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसते. म्हणून हे विवेचन.

प्रारंभी ज्या प्रसंगामुळे या विषयाकडे लक्ष गेले तो सांगतो. २०१२ साली संशोधनानिमित्त अमेरिकेत राहण्याचा योग आला असता १९७२ सालची एक प्लिमथ व्हॅलियंट गाडी अल्प किमतीत माझ्याकडे आली. काही महिन्यांतच तिच्यात बिघाड दिसू लागला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना एंजिन क्षणभर मोकळे सुटल्यासारखे ओरडे आणि मग गाडी पुढे ओढली जाई. एका गॅरेजमध्ये दाखविली तेव्हा, ‘गिअर घसरतो’ एवढे माझे शब्द ऐकून तेथील कारागिराने निर्णय दिला : आतील क्लच जळाला आहे, गिअरबॉक्स उतरवून संपूर्ण नव्याने बांधावी लागेल. त्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. हा निर्णय बरोबर होता की नाही, हे समजण्यासाठी आधी यंत्राची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे.

या गाडीतील गिअरबॉक्स ‘टॉर्कफ्लाइट’ या नावाची आहे. क्रायस्लर कंपनीने ती १९५६ साली प्रथम बाजारात आणली आणि १९६० साली लहान गाड्यांसाठी तिची हलकी आवृत्ती काढली. एंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेलाच्या प्रवाहानेच शक्ती पुढे पोचविली जाते. त्याच्या मागे ग्रहमालेसारखी रचना असलेले दंतचक्रांचे दोन संच असतात. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे कंकणचक्र. दोन्ही संचांना सूर्यचक्र मात्र एकच. या चक्रांपैकी कोणते फिरवावयाचे आणि कोणते रोखून धरावयाचे, यावर गिअर ठरतो. फिरविण्याचे काम दोन क्लच करतात, तर रोखण्याचे काम दोन पट्टे आणि एक एकदिश क्लच करतात. एकदिश क्लच म्हणजे एका दिशेने अडणारा आणि दुसऱ्या दिशेने मोकळा सुटणारा भाग.

कोणत्या गिअरमध्ये काय कार्यरत असते याचा तक्ता असा मांडता येईल. गाडी नेहमीप्रमाणे ‘ड्राइव्ह’ मध्ये असता, पहिल्या गिअरात मागचा क्लच आणि एकदिश क्लच. दुसऱ्यात मागचा क्लच आणि पुढचा पट्टा. तिसऱ्यात मागचा आणि पुढचा असे दोन्ही क्लच. ‘रिव्हर्स’ मध्ये पुढचा क्लच आणि मागचा पट्टा. दांडी हाताने १ वर ठेवली तर मागचा क्लच असतोच, आणि एकदिश क्लचच्या जोडीला मागचा पट्टाही आवळला जातो.

येथे नावांविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ ही विशेषणे त्या भागांचे स्थान सांगतात, कार्य सांगत नाहीत. पुढचा क्लच एंजिनच्या बाजूला आहे म्हणून पुढचा. परंतु गाडी मागे नेताना तोच लागतो. पुढे जाण्याच्या प्रत्येक गिअरात जो लागतो तो मागचा. नावावरून कार्याचे अनुमान करणारा मनुष्य येथे हमखास चुकतो. काही अन्य निर्मात्यांनी त्याच भागांना कार्यावरून नावे दिली आहेत, ती अधिक सोयीची होत.

आता हा तक्ता भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहू. एखाद्या रुग्णाच्या बोलण्यात ‘गाळ’ चा ‘काळ’ होतो, ‘दार’ ची ‘तार’ होते आणि ‘बोट’ चे ‘पोट’ होते, असे समजा. ग, द आणि ब या तीन वर्णांत तीन स्वतंत्र दोष उद्भवले असे आपण म्हणत नाही. या तिघांत समान असलेले आणि क, त, प यांत नसलेले लक्षण आपण शोधतो. ते लक्षण घोषत्व होय. दोष एकच आहे, त्याची रूपे तीन. स्वनिम हा व्यवच्छेदक लक्षणांचा समुच्चय असतो. त्याचप्रमाणे या गिअरबॉक्समधील प्रत्येक गिअर म्हणजे कार्यरत भागांचा एक समुच्चय असतो. म्हणून बिघडलेल्या गिअरांत काय समान आहे आणि धड असलेल्या गिअरांत त्यातील काय नाही, एवढे पाहिले की संशयित भाग आपोआप पुढे येतो.

उदाहरणे घेऊ. पुढे जाण्याचे सर्व गिअर घसरतात पण रिव्हर्स उत्तम आहे : मागच्या क्लचवर संशय. तिसरा आणि रिव्हर्स घसरतात, पहिला व दुसरा धड आहेत : पुढचा क्लच. केवळ दुसरा घसरतो : पुढचा पट्टा, आणि त्याचा आवळण्याचा स्क्रू पेटीच्या बाहेरच असल्याने प्रथम तो तपासावा. ‘ड्राइव्ह’ मध्ये उभी गाडी निघत नाही, परंतु दांडी १ वर ठेवताच निघते : एकदिश क्लच. फक्त रिव्हर्स घसरतो आणि तिसरा गिअर धड आहे : मागचा पट्टा. याची पडताळणी उतारावर होते. दांडी १ वर ठेवून पाय काढला असता एंजिनने गाडीला रोखून धरले नाही, तर संशय दृढ होतो. आणि सर्वच गिअर घसरत असतील, तर पाच भागांना एकाच वेळी दोष देण्यापेक्षा सर्वांना समान असणाऱ्या गोष्टीकडे वळावे. ती गोष्ट म्हणजे तेल, तेलाची गाळणी, पंप आणि दाब.

तेलाची तपासणी तर सर्वांत आधी करावी. टॉर्कफ्लाइटमध्ये गाडी सपाट जागी उभी करून, पेटी गरम झाल्यावर, दांडी सर्व स्थानांतून फिरवून शेवटी न्यूट्रलवर आणावी आणि एंजिन चालू ठेवून पातळी पाहावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. ते प्रमाणाबाहेर जास्त असेल तर फिरती चक्रे ते घुसळून त्याचा फेस करतात, आणि तेव्हाही दाब पडतो. परस्परविरुद्ध कारणांचे लक्षण एकच दिसते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेल मूळचे लाल असते. ते काळपट होऊन जळका वास येत असेल तर घर्षणाचे भाग जळू लागले आहेत. दुधट गुलाबी झाले असेल तर रेडिएटरमधील पाणी तेलात शिरले आहे.

आता माझ्या गाडीकडे परत येऊ. पुढे एका वृद्ध कारागिराची गाठ पडली. त्याने गाडीस हात लावण्यापूर्वी मला प्रश्न विचारले. ‘घसरते’ म्हणजे नेमके केव्हा? रिव्हर्समध्ये चढावर घसरते का? गिअर पूर्वीपेक्षा लवकर पडतात की उशिरा? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता गाडी खालच्या गिअरात येते का? उत्तरे देताना माझ्या ध्यानात आले की मी एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या होत्या. गिअर लवकर पडत होते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एंजिन सुटत होते. आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी खालच्या गिअरात येत नव्हती. रिव्हर्स मात्र धड होता, आणि तेल अजून लाल होते.

पुढचा क्लच जळाला असता तर एंजिन का सुटते, याचा उलगडा झाला असता. परंतु गिअर लवकर का पडतात, हे त्यावरून सांगता आले नसते. रिव्हर्स धड असणे हाही त्या क्लचच्या बाजूचा पुरावा होता. पूर्ण पुरावा मात्र नव्हे, कारण रिव्हर्समध्ये तेलाचा दाब मुद्दाम बराच अधिक ठेवलेला असतो आणि थोडा झिजलेला क्लचही तेवढ्या दाबाखाली धरून राहू शकतो. तुलना करावयाच्या दोन स्थितींत एकाच गोष्टीचा भेद असला पाहिजे, हा लघुतम युग्माचा नियम येथेही लागू आहे.

तिन्ही लक्षणांना समान कारण बाहेर सापडले. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूवरील तरफेपर्यंत एक दांडा जातो. चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे याची वर्दी तो गिअरबॉक्सला देतो आणि त्यानुसार तेलाचा दाब वाढतो व गिअर पडण्याची वेळ ठरते. त्या दांड्याच्या टोकाचे बुश झिजून तुटले होते. त्यामुळे पाय कितीही दाबला तरी गिअरबॉक्सला तो दाबलाच नाही असे वाटे. ती गिअर लवकर टाकी, दाब वाढवीत नसे आणि क्लच अर्धवट आवळला जाई. नवे बुश बसवून दांड्याची लांबी जुळविली आणि गाडी पूर्ववत झाली.

एवढ्यावर समाधान मानणे योग्य होणार नाही. दाब कमी असताना गाडी तशीच चालविली असती तर क्लच प्रत्येक वेळी घासत राहिला असता आणि लवकरच खरोखर जळाला असता. पहिल्या कारागिराचे चुकीचे निदान माझ्या दिरंगाईने खरे ठरले असते. मग पेटी नव्याने बांधूनही तो दांडा तसाच राहिला असता, तर नवा क्लचही त्याच मार्गाने गेला असता. म्हणून बाहेरील जोड, मग तक्ता, मग गेजने दाबाची मोजणी आणि सर्वांत शेवटी पेटी उघडणे, हा क्रम सोडू नये.

आपल्याकडील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत आज ‘ऑटोमॅटिक गाडी’ हा एकच शब्द निदान तीन भिन्न यंत्रांना लावला जातो : वर वर्णिलेली ग्रहमालेची पेटी, पट्टा व सरकत्या पुल्या असलेली सीव्हीटी, आणि २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेली एएमटी, जी वस्तुतः साधीच गिअरबॉक्स असून तिचा क्लच यंत्र दाबते. वरील तक्ता त्यांपैकी शेवटच्या दोहोंना मुळीच लागू नाही. पहिल्या प्रकारातही प्रत्येक निर्मात्याचा तक्ता निराळा असतो, आणि नव्या गाड्यांत दाबाचे नियंत्रण विजेवर चालते. पद्धती तीच राहते. तक्ता मात्र ज्या त्या यंत्राचा घ्यावा लागतो, जसे एका भाषेची स्वनिमव्यवस्था दुसरीस लावता येत नाही.

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस या उदाहरणातून इतकेच सांगावयाचे आहे : निवेदकाने वापरलेला पहिला शब्द हे लक्षणाचे नाव असते, लक्षण नव्हे. ‘घसरते’ या माझ्या शब्दावर एकाने निर्णय दिला आणि दुसऱ्याने तोच शब्द प्रश्न विचारून सोडविला. दोघांच्या ज्ञानात फारसे अंतर नसावे. अंतर पडले ते ऐकण्याच्या रीतीत.