चादर की मार्खा?

चादर म्हटलं की आपल्याला सोलापूरची आठवते! माझ्या लेकीला मात्र लडाखची हवी होती. जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदी गोठते, त्या बर्फावरून चालायचं, रात्री उणे वीस अंशांत तंबूत झोपायचं. बर्फ फुटला तर काठाच्या खडकावर चढा, नाहीतर बसून राहा. मला बावन्नावं लागलेलं, त्यात बीपीची गोळी. लेहच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाले तर? माझ्यापायी तिचाही ट्रेक बुडणार.

मी मार्खा खोरं सुचवलं. तिथेही नदी गोठते, पण स्किऊ, मार्खा अशी गावं लागतात, मुक्काम घराघरांतून. "आई, ते सोपं आहे गं!" तिचं तोंड वाकडं. सोपं कसलं? साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये पहिले दोन दिवस जिना चढतानाच धाप लागली.

भिशीचे पैसे माझे, म्हणून मार्खा ठरलं. घरातल्या बाईने शेगडीजवळची जागा मला दिली, थुक्पा वाढला. भाषा कळेना, तरी "अजून घे" कळलं. (संडासात पाणी नाही, वरून माती ढकलायची!)

परतताना लेक म्हणाली, "चादरीला मी एकटी जाईन हं." मी अजून 'हो' म्हटलेलं नाही.