दगडी घर, अक्रोडाची झाडे आणि परके गाव

चाळीस वर्षे नोकरी झाली. मुले आपापल्या संसाराला लागली. हातात पेन्शन आहे आणि अंगात अजून थोडी धमक आहे. मग उरलेले दिवस कुठे काढायचे? इंग्लंडमधल्या हजारो जोडप्यांनी याचे एकच उत्तर दिले. इंग्लिश खाडी ओलांडायची आणि फ्रान्सच्या खेड्यात जाऊन राहायचे.

त्यांच्या खास आवडीचा जिल्हा म्हणजे दोर्दोन्य. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो शहराच्या पूर्वेस तो आहे. ओकची राने, संथ नदी, चुनखडीचे डोंगर आणि पिवळसर दगडाची घरे. गंमत अशी की हा मुलूख मध्ययुगात सुमारे तीनशे वर्षे या ना त्या रीतीने इंग्लंडच्या राजांकडे होता. १४५३ साली लढाई हरून इंग्रज गेले. ते परतले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तलवारीऐवजी पेन्शनचे पुस्तक घेऊन!

घरे रिकामी कशी होती, असे तुम्ही विचाराल. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले, कारखान्यांनी तरुणांना शहराकडे ओढले. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये कमावत्या चौघांतला एक तरी शेतीवर होता. आज शंभरात दोन-तीनच उरले आहेत. गावात मागे राहिली म्हातारी माणसे, पडके गोठे आणि धान्याची कोठारे. ती तेव्हा स्वस्तात मिळत. म्हणजे या पाहुण्यांचे सुख एका शेतकरी कुटुंबाने सोडलेल्या उंबरठ्यावर सुरू होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

असे एक जोडपे जानेवारीत तिथे राहायला गेले, असे धरून चालू. पहिला धडा थंडीचा. जाड दगडी भिंती उन्हाळ्यात गार, पण हिवाळ्यात त्या गारठा सोडत नाहीत. ओकचे लाकूड तोडून दोन वर्षे तरी वाळवावे लागते. ओले जाळले तर घरभर धूर. हे शेजारचा शेतकरी सांगतो, आणि तोच पहिली गाडीभर सुकी लाकडे विकत देतो.

याच दिवसांत रानात काळ्या ट्रफलचा शोध चालतो. ही जमिनीच्या पोटात, ओक आणि हेझलच्या मुळांशी वाढणारी अळंबी आहे. दिसायला काळी, खरबरीत, लहान बटाट्यासारखी. झाडाभोवती गवत जळाल्यासारखे टक्कल पडले की जाणते लोक तिथे थांबतात. पूर्वी वासावर डुकरीण नेत, पण ती सापडलेला माल स्वतःच फस्त करी. म्हणून आता शिकवलेले कुत्रे नेतात. बाजारात किलोला शेकडो युरो, कधी हजाराच्याही वर भाव जातो. लागवडही होते. रोपाच्या मुळांना आधी बुरशीचे विरजण लावतात, चुनखडीची जमीन निवडतात आणि मग सात ते दहा वर्षे वाट पाहतात. इतके करूनही माल लागेलच याची खात्री नाही. पहिल्या महायुद्धात खेड्यांतले तरुण मोठ्या संख्येने मेले, त्यांच्याबरोबर झाडे राखण्याचे ज्ञानही गेले. उत्पन्न घटले त्याचे हे एक मोठे कारण सांगतात.

वसंत भराभर जातो. १ मे रोजी लोक एकमेकांना पांढऱ्या घंटीसारख्या फुलांची डहाळी देतात. बुधवारी आणि शनिवारी सार्लाचा बाजार भरतो. तिथे आधी ‘बाँझूर’ म्हणून रामराम करायचा, मगच भाव विचारायचा. नाहीतर उद्धट ठराल. १४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला कित्येक गावांत चौकात लांब टेबले मांडून एकत्र पंगत बसते.

खरा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पाऊस पडला की रानात सेप नावाची तपकिरी अळंबी उगवते. विषारी कोणती, हे कळत नसेल तर टोपली घेऊन सरळ औषधाच्या दुकानात जायचे; तिथल्या औषधविक्रेत्याला अळंबी ओळखण्याचे शिक्षण मिळालेले असते. ही सोय मला फार आवडली. मग अक्रोड गळू लागतात. ते रोज वेचावे लागतात, ओल्या जमिनीत राहिले तर काळे पडतात. धुवायचे, वाळवायचे आणि हिवाळ्यात रात्री लाकडी हातोडीने फोडायचे. घाव असा बसला पाहिजे की कवच फुटावे आणि गर अख्खा निघावा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले. सुमारे दोन किलो गरातून एक लिटर तेल निघते.

अशाच एका वर्षाचे पुस्तक झाले. पीटर मेल हा जाहिरातीच्या धंद्यातला इंग्रज बायकोसह १९८७ साली आग्नेय फ्रान्समधल्या मेनेर्ब गावी राहायला गेला. १९८९ मध्ये त्याने महिन्यामागून महिना असे वर्ष लिहिले. पुस्तक लाखोंनी खपले, आणि शांतता सांगणाऱ्या त्या घराच्या दारात वाचकांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या! शेवटी तो काही वर्षे अमेरिकेत जाऊन राहिला, मग जवळच्याच लूरमारँ गावी परतला. २०१८ मध्ये तो वारला.

पण पुस्तकात दुसरे वर्ष नसते, विसावेही नसते. गुडघे कुरकुरतात, मोटार चालवणे होत नाही, दवाखाना दूर असतो. जोडीतले एक जाते आणि मागे राहिलेल्याला शेजाऱ्याशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत. ज्यांनी गावात मिसळून घेतले, त्यांचे निभावले. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ग्रामपालिका आहेत, अगदी शंभर वस्तीच्या गावालाही स्वतःचा महापौर असतो. शेकडो इंग्रज तिथे निवडून आलेले सदस्य होते.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्याच मार्चमधल्या निवडणुकीत त्यांना उभे राहता आले नाही, मतही देता आले नाही. २०२० अखेरपर्यंत रीतसर राहत असलेल्यांचा हक्क टिकला. त्यानंतर येणाऱ्याला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जास्त राहायचे तर आधी लांब मुदतीचा व्हिसा हवा. पुन्हा मत हवे असेल तर फ्रेंच नागरिक व्हावे लागते, आणि २०२० पासून साठीच्या पुढच्यांनाही भाषेची परीक्षा माफ नाही. त्यामुळे आता काही घरांत अक्रोडाच्या टोपलीशेजारी व्याकरणाचे पुस्तक असते. सत्तरीचे आजोबा क्रियापदे घोकतात, आणि शेजारीणबाई हातोडी न थांबवता त्यांची चूक सुधारत असते.