आंतरराष्ट्रीय सुरक्षेची इंग्रजी परिभाषा : कोशार्थ आणि शब्दबल

पदवीच्या वर्गात येईपर्यंत मराठी विद्यार्थ्याचा इंग्रजी शब्दसंग्रह सामान्य वाचनापुरता तरी सिद्ध झालेला असतो. असे असूनही सुरक्षा परिषदेचा एखादा ठराव मूळ इंग्रजीत त्याच्यापुढे ठेवला, तर त्याला येणारी अडचण निराळ्याच जातीची असते. तेथील शब्द त्याला अपरिचित नसतात. ‘डिसाइड’, ‘मेझर’, ‘ब्रीच’, ‘ऑब्झर्व्हर’, ‘सँक्शन’ हे सर्व त्याने पूर्वीच वाचलेले असतात, आणि नेमका हा पूर्वपरिचयच त्याला चकवतो. अपरिचित शब्दासाठी माणूस कोश उघडतो; परिचित शब्दासाठी उघडत नाही. आणि उघडला तरी या क्षेत्रात कोश निम्म्या वाटेवरच सोडून देतो. कारण येथे शब्दाला जसा अर्थ असतो तसेच बलही असते, आणि ते बल सनदेतील कलम, परिषदेचा प्रघात व टाळलेला पर्यायी शब्द या तिहींवर अवलंबून असते.

‘सँक्शन’ या शब्दापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल, कारण तो मराठी बोलण्यात केव्हाच रुळला आहे. कर्ज ‘सँक्शन’ झाले, रजा ‘सँक्शन’ झाली, असे कचेरीतील शिपायापासून साहेबापर्यंत सर्वजण म्हणतात. तेथे त्याचा अर्थ मंजुरी असा निःसंदिग्ध आहे. तोच विद्यार्थी जेव्हा १९९० मध्ये इराकवर लादलेल्या ‘सँक्शन्स’विषयी वाचतो, तेव्हा मंजुरीच्या नेमका उलट अर्थ त्याच्यापुढे उभा राहतो. कोशात हे दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेले असतात. ते एका शब्दात कसे नांदतात याचा उलगडा मात्र तेथे सहसा नसतो. वस्तुतः लॅटिनमधील मूळ धातूचा अर्थ पवित्र व अनुल्लंघनीय ठरविणे असा आहे; संतवाचक ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. रोमन विधीमध्ये कायद्याच्या ज्या भागात उल्लंघनाबद्दलची शिक्षा सांगितलेली असे, त्यालाच हे नाव होते. नियमाला दृढता देणे आणि तो मोडणाऱ्यास दंड सांगणे ही एकाच क्रियेची दोन अंगे होत. पुढे एक अंग कचेरीत गेले आणि दुसरे जॉन ऑस्टिनसारख्या विधिमीमांसकांच्या ग्रंथांतून राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात आले.

विद्यार्थ्याला उपयोगी पडणारी खूण व्याकरणात आहे. मंजुरीच्या अर्थी हे नाम बहुधा एकवचनी असते. दंडाच्या अर्थी ते बहुधा अनेकवचनी असते, त्याच्यापाठोपाठ ‘अगेन्स्ट’ किंवा ‘ऑन’ हे शब्दयोगी येते, आणि ‘लादणे’, ‘शिथिल करणे’, ‘उठविणे’ या अर्थांची ‘इम्पोज’, ‘ईज’, ‘लिफ्ट’ ही क्रियापदे त्याच्या सोबतीला असतात. क्रियापद म्हणून तो आला तर मात्र संदर्भावाचून गत्यंतर नाही. मराठीने ‘निर्बंध’ हा शब्द योजून ही संदिग्धता टाळली, हे बरेच झाले. पण त्यात दंडाची छटा फिकी पडते हेही मान्य केले पाहिजे. १९३५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रसंघाने ॲबिसिनियावरील आक्रमणाबद्दल इटलीवर निर्बंध घातले, त्यांच्या यादीत खनिज तेल नव्हते. पुढच्या वर्षी मे महिन्यात अदिस अबाबा पडले आणि जुलैत निर्बंध उठविण्यात आले. तेव्हापासून या शब्दाला एक विफलतेचा वासही चिकटून राहिला, आणि १९४५ च्या सनदेत तो शब्दच आढळत नाही. एकेचाळिसाव्या कलमात आहेत ते सशस्त्र बळाचा वापर न करता योजावयाचे ‘मेझर्स’, म्हणजे उपाय.

सनदेत नसलेल्या शब्दांची गणना येथेच संपत नाही. ‘व्हीटो’ हा शब्दही तीत नाही. सत्ताविसाव्या कलमात केवळ स्थायी सभासदांच्या ‘कन्करिंग व्होट्स’चा, म्हणजे सहमतीच्या मतांचा, उल्लेख आहे, मराठीत रूढ झालेला ‘नकाराधिकार’ हा त्या कलमाचा परिणाम होय, अनुवाद नव्हे. एखादा स्थायी सभासद तटस्थ राहिला तर त्याची सहमती नाही असे कोशार्थाने म्हणावे लागेल. परंतु परिषदेच्या प्रघाताने तटस्थता हा नकार मानला जात नाही. येथे शब्दार्थावर प्रघाताने मात केली आहे.

आता ठरावाच्या वाक्यरचनेकडे वळू. सुरक्षा परिषदेचा ठराव कित्येक पृष्ठांचा असला तरी व्याकरणदृष्ट्या ते एकच वाक्य असते. ‘द सिक्युरिटी कौन्सिल’ हा त्याचा कर्ता. त्यामागून ‘स्मरून’, ‘नोंद घेऊन’, ‘चिंता व्यक्त करून’ अशा धातुसाधितांची प्रस्तावना येते, आणि त्यानंतर क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत मुख्य क्रियापदे येतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे अनुवादकाला या एका वाक्याची अनेक वाक्ये करावी लागतात, आणि तसे करताना कोणते विधान प्रस्तावनेतले व कोणते आदेशातले हा भेद सहज पुसला जातो. तो पुसला गेला की ठरावाचा कणाच मोडला.

मुख्य क्रियापदांची तुलना एकाच विषयावरील दोन ठरावांत करता येते. दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे विकू नयेत असे परिषदेने ऑगस्ट १९६३ मध्ये १८१ क्रमांकाच्या ठरावात म्हटले. त्यातील क्रियापद होते ‘कॉल्स अपॉन’, आणि त्याला ‘सॉलेम्नली’ हे गंभीरतासूचक क्रियाविशेषणही जोडलेले होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये ४१८ क्रमांकाचा ठराव झाला, तेव्हा सनदेच्या सातव्या प्रकरणाचा आधार घेऊन क्रियापद आले ‘डिसाइड्स’, आणि त्याच्या पुढे ‘शॅल’. पहिल्या ठरावाने राष्ट्रांच्या सदसद्विवेकाला हाक घातली. दुसऱ्याने, पंचविसाव्या कलमानुसार सर्व सभासदांनी पाळावयाचे बंधन घातले. या दोन क्रियापदांमध्ये चौदा वर्षे गेली. ‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळाचे चिन्ह असे शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याने हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. ‘कॉल्स अपॉन’ म्हणजे नेहमीच ऐच्छिक आवाहन, असा नियम बांधता येत नाही. नामिबियासंबंधी जून १९७१ मध्ये दिलेल्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, ठराव बंधनकारक आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याची भाषा, त्यामागील चर्चा, आधारभूत कलमे व एकंदर परिस्थिती या सर्वांचा विचार केला पाहिजे; आणि याच कसोटीने त्या प्रकरणातील ‘कॉल्स अपॉन’ असे शब्द असलेला परिच्छेद न्यायालयाने बंधनकारक ठरविला. याउलट काश्मीरविषयक एप्रिल १९४८ च्या ठरावात ‘रेकमेंड्स’, म्हणजे शिफारस करते, असे क्रियापद आहे. भारताने आपली तक्रारही सहाव्या प्रकरणातील पस्तिसाव्या कलमाखालीच नेली होती. या ठरावावर मराठीतून वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांचे लेखक ‘ठराव’ हा एकच शब्द वापरतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपासून सुरक्षा परिषदेपर्यंत सर्वत्र चालणाऱ्या या शब्दाने क्रियापदातला फरक झाकून जातो.

टाळलेल्या शब्दाचे महत्त्व इराकच्या प्रकरणाइतके अन्यत्र क्वचितच दिसते. नोव्हेंबर १९९० च्या ६७८ क्रमांकाच्या ठरावात सभासद राष्ट्रांना ‘ऑल नेसेसरी मीन्स’ योजण्याचा अधिकार दिलेला होता. आवश्यक ती सर्व साधने, या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांत युद्धाचा परवाना सामावलेला होता, आणि परिषदेच्या परिभाषेत ते सर्वांना ठाऊक होते. नोव्हेंबर २००२ मध्ये १४४१ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत झाला, त्यात ‘सीरियस कॉन्सिक्वेन्सेस’, म्हणजे गंभीर परिणाम, असे शब्द होते. कोशाच्या दृष्टीने दुसरा शब्दप्रयोग पहिल्यापेक्षा अधिक भयसूचक आहे. परंतु ज्यांनी पहिला पाहिला होता त्यांना दुसऱ्यातील उणीव तत्काळ जाणवली. आणि मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते परिषदेच्या अधिकाराने चालले आहे की नाही, हा वाद याच शब्दांभोवती फिरत राहिला.

लढाई थांबविण्याच्या शब्दांबाबत मराठीची अडचण थोडी निराळी आहे. तह, सल्ला, कौल, सनद असे राजव्यवहाराचे शब्द मराठीत पूर्वीपासून विपुल आहेत. परंतु ‘सीझफायर’, ‘ट्रूस’ आणि ‘आर्मिस्टिस’ या तिघांसाठी युद्धबंदी व शस्त्रसंधी हे दोन शब्द आलटून पालटून वापरले जातात. ‘सीझफायर’ म्हणजे गोळीबार थांबणे; ‘ट्रूस’ म्हणजे काही अटींवर तात्पुरता विराम; ‘आर्मिस्टिस’ म्हणजे उभय सेनांनी लेखी केलेला, सीमा व व्यवस्था ठरवून देणारा करार. या तिन्हींपैकी एकही तह नव्हे. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी झाला तो ‘आर्मिस्टिस’. त्यानंतर शांततेचा तह झालेलाच नाही. १९४९ च्या करारांनंतरही युद्धस्थिती कायम आहे असे सांगून इजिप्त सुएझ कालव्यातून इस्रायलकडे जाणारा माल अडवीत असे. तेव्हा परिषदेला सप्टेंबर १९५१ च्या ठरावात म्हणावे लागले की, अडीच वर्षे चाललेली ही व्यवस्था कायम स्वरूपाची असल्याने कोणत्याही पक्षास आपण युद्धमान आहोत असे सांगून जहाजांची झडती घेता येणार नाही.

रेषांच्या नावांतही हीच कथा आहे. काश्मिरातील १९४९ ची ‘सीझफायर लाइन’ निराळी आणि १९७२ च्या सिमला करारातील ‘लाइन ऑफ कंट्रोल’ निराळी. दुसरी १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून निघाली आणि उभय देशांनी परस्परांत ठरविली. चीनच्या बाजूची ‘लाइन ऑफ ॲक्च्युअल कंट्रोल’ तिसरीच. मराठीत नियंत्रणरेषा आणि प्रत्यक्ष ताबारेषा ही नावे एकमेकांच्या जागी पडली, तर वाचक एका शेजाऱ्याच्या सीमेवरील घटना दुसऱ्याच्या सीमेवर नेऊन ठेवतो.

‘पीसकीपिंग’ हाही सनदेत नसलेला शब्द. १९५६ मध्ये सुएझ प्रकरणी राष्ट्रसंघाची आणीबाणी सेना उभी राहिली, तेव्हापासून त्याला स्थिर अर्थ आला. यजमान देशाची संमती, निःपक्षपात आणि स्वसंरक्षणापुरताच शस्त्रप्रयोग या तीन गोष्टी त्यात गृहीत असतात. मराठीत तिला शांतिसेना म्हणतात. मात्र विनोबांनी १९५७ मध्ये स्थापिलेली निःशस्त्र सेवकांची संघटनाही शांतिसेनाच, आणि १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत उभय देशांच्या करारान्वये गेलेली भारतीय फौजही शांतिसेनाच. तिचा राष्ट्रसंघाशी संबंध नव्हता आणि तिला तेथे प्रत्यक्ष लढावे लागले. ‘कीपिंग’ या शब्दात राखणे आहे, लादणे नाही. मे १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेताच महासचिव ऊ थांट यांनी सेना मागे घेतली. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली; ती करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ‘कीपिंग’च्या जागी ‘एन्फोर्सिंग’ वाचले होते असे म्हणावयास हरकत नाही.

त्या वर्षीच्या जूनमधील युद्धानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. भारत तेव्हा परिषदेचा सभासद होता. या ठरावात इस्रायली सेनांनी नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे तत्त्व आहे. इंग्रजी पाठात ‘टेरिटरीज’ या शब्दापूर्वी ‘द’ हे उपपद नाही. ते असते तर सर्व व्याप्त प्रदेश असा अर्थ निश्चित झाला असता. ते नसल्यामुळे काही प्रदेशांतून घेतलेली माघारही पुरेशी, असा अर्थ इस्रायलने लावला. फ्रेंच पाठात मात्र उपपद आहे, आणि युद्धाने भूमी मिळविणे अग्राह्य असल्याचे वचन ठरावाच्या प्रस्तावनेतच आहे. अरब राष्ट्रांनी त्यांवर बोट ठेवले. संपूर्ण माघार हेच त्या ठरावाचे तात्पर्य असल्याची आपली समजूत भारताच्या प्रतिनिधीने मतदानाच्या वेळीच नोंदविली होती.

मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी उपपदे जड जातात, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे. आपल्या भाषेत उपपदच नसल्याने त्याच्या असण्यानसण्याने काय बिघडते हे त्याला उमगत नाही. त्याला हा ठराव दाखवावा. अनुवादकापुढील प्रश्न मात्र याहून कठीण आहे. ‘सर्व व्याप्त प्रदेशांतून’ असे लिहिले तर एका पक्षाचा वकील झाल्यासारखे होते. ‘काही व्याप्त प्रदेशांतून’ लिहिले तर दुसऱ्याचा. ‘व्याप्त प्रदेशांतून’ एवढेच लिहिले तर मराठी वाचक ते स्वभावतः सर्व प्रदेशांना लावतो, आणि मूळ इंग्रजीत जी जागा मोकळी ठेवली होती ती त्याच्या नजरेला पडतच नाही. रशियन भाषेतही उपपद नसल्यामुळे त्या पाठालाही हा भेद उपपदाने दाखविता आलेला नाही. अशा स्थळी ‘व्याप्त प्रदेशांतून’ हेच शब्द ठेवून इंग्रजी व फ्रेंच पाठांतील भेद तेथेच एका वाक्यात सांगणे, एवढाच मार्ग अनुवादकाला मोकळा राहतो.