बेटं सोडवताना

उंदराचं स्वादुपिंड चिमट्यात धरलं तर हाती काही लागल्यासारखंही वाटत नाही. फिकट गुलाबी, ठिसूळ, जठर-प्लीहा-आतड्यांच्या बेचक्यात पसरलेलं. त्यातला जेमतेम एक-दोन टक्के भाग मधुमेहाच्या अभ्यासकाला हवा असतो : इन्सुलिन बनवणारी लँगरहान्सची बेटं. बाकी सगळा भाग पाचकरसांचा कारखाना. प्राण गेला की हेच पाचकरस शेजारच्या बेटांना पचवू लागतात. म्हणजे बेटं बाहेर काढायची ती घड्याळाशी शर्यत लावून.

१८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं प्रबंधात या पुंजक्यांची नोंद केली, पण त्यांचं काम काय हे त्याला सांगता आलं नाही. २० वर्षांनी, १८८९ मध्ये, मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. पुढे टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी अर्क काढला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण अर्क काढायला पेशी मेली तरी चालते. रक्तातली साखर वाढल्याचं त्या पेशीला कळतं कसं, हे विचारायचं तर ती जिवंत हवी, आणि आपल्या बेटातच हवी.

इथून पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९६४ साली स्वीडनच्या क्लेस हेलरस्ट्रॉम यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हत्यारांनी एकेक बेट हातानं सुटं करण्याची रीत प्रसिद्ध केली. काम किचकट, हाती येणारी बेटं मोजकीच. पुढच्याच वर्षी पोलंडच्या स्टॅनिस्लाव मोस्कालेव्स्की यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज हे विकर वापरलं. पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजेनचं जाळं ते विरघळवतं. ते मिळतं क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूपासून, आणि हा जिवाणू जखमेत शिरला तर गॅस गँगरीन होऊ शकतो. १९६७ मध्ये सेंट लुईसला पॉल लेसी आणि मेरी कोस्टियानोव्स्की यांनी रॅटच्या स्वादुपिंडनलिकेत आधी द्रव भरून ते फुगवलं, मग त्याचे तुकडे करून त्यांवर कोलॅजिनेज चालवलं. एका प्राण्यापासून शेकडो अखंड बेटं मिळण्याची वाट त्यातून खुली झाली.

आज बहुतेक प्रयोगशाळांत विकर थेट नलिकेतूनच आत सोडतात. पित्तनलिका आतड्याला मिळते तिथं चिमटा लावायचा, यकृताच्या बाजूनं केसासारखी सुई घालायची आणि थंडगार द्रावण हळूहळू सोडायचं. माउसला दोन-तीन मिलिलिटर पुरतात. सुई नीट बसली असेल तर चपटं स्वादुपिंड डोळ्यांदेखत फुलकोबीसारखं फुलून येतं. बसली नसेल तर नलिका फाटते आणि त्या प्राण्यापासून फारसं काही मिळत नाही. मग ३७ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. या मिनिटांवर सगळं अवलंबून. कमी पडली तर बेटांना भोवतालचा गर चिकटून राहतो, जास्त झाली तर बेटंच विरतात. विकराच्या एका खेपेची ताकद दुसरीला नसते, त्यामुळे नवी बाटली फोडली की वेळ पुन्हा बसवावी लागते. ठरल्या क्षणी बर्फासारखा थंड द्रव ओतून क्रिया थांबवायची, गाळायचं, वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणांच्या थरांवर फिरवून बेटं वेगळी करायची.

तरीही शेवटी माणूस सूक्ष्मदर्शकाशी बसतोच. बशी हलके गोल फिरवली की बेटं मधोमध जमतात : गोलसर, गुळगुळीत कडेची, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. शंका आली तर त्यातली थोडी बाजूला घेऊन डायथायझोन टाकतात. इन्सुलिनसोबत साठलेल्या जस्तामुळे बेटं कुंकवासारखी लाल होतात, बाकीचा गर तसाच राहतो. एकेक बेट पिपेटनं उचलायचं, रात्रभर पोषक द्रवात विसावू द्यायचं. दुसऱ्या दिवशी परीक्षा : आपल्या रिपोर्टच्या भाषेत साधारण ५० साखरेत ठेवायचं, मग ३०० मध्ये. साखर वाढल्यावर इन्सुलिन वाढलं तर बेट शाबूत.

पुण्यात गणेशखिंडीच्या परिसरातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये माउसचं स्वादुपिंड ऊतिसंवर्धनाच्या वाटेनं नेऊन मोठ्या संख्येनं बेटं मिळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मला या कामाचं मोल फार वाटतं. बेटांचा पुरवठा वाढला की प्राणी कमी लागतात. कौशल्याचा आणि दयेचा संबंध इथं इतका थेट आहे. फसलेल्या प्रत्येक सुईमागे एक जीव वाया गेलेला असतो, आणि हे काम शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते सांगायला हवं.

१९७२ मध्ये बॅलिंजर आणि लेसी यांनी मधुमेही रॅटमध्ये बेटांचं रोपण करून आजाराची तीव्रता कमी करून दाखवली. तिथून माणसापर्यंत यायला फार वर्षं लागली. २००० साली कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या गटानं ७ रुग्णांना इन्सुलिनच्या सुईतून सोडवलं. वजनाच्या दर किलोला सरासरी साडेअकरा हजारांच्या आसपास बेटं द्यावी लागली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ७ लाख. एका माउसपासून मिळतात दोनशेच्या आसपास. एडमंटनमध्ये प्रत्येकाला किमान दोन मृत दात्यांची स्वादुपिंडं लागली. पुढे अनेक केंद्रांत मिळून ३६ रुग्णांवर तोच प्रयोग झाला. वर्षअखेरीस इन्सुलिनशिवाय राहिलेले होते १६.

आणखी एक फरक. माउसच्या बेटात इन्सुलिनच्या बीटा पेशी गाभ्यात दाटीनं बसतात आणि ग्लुकॅगॉनच्या अल्फा पेशी कडेला. माणसाच्या बेटात त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि अल्फा पेशींचं प्रमाणही जास्त असतं. शेजार बदलला की पेशींचं आपसातलं बोलणं बदलतं. म्हणून एक विनंती. 'मधुमेह बरा झाला' अशी बातमी वाचून घरातल्या कुणाची गोळी किंवा सुई थांबवण्याआधी एवढं जरूर विचारा : ती बेटं उंदराची होती, की माणसाची?