यकृत आणि त्याचे विकार : लेखांक सातवा
दोष औषधाचा, काढ्याचा की मद्याचा?

डोळे पिवळे झाले, रक्तातील एसजीपीटी भरमसाट वाढले, आणि विषाणूंच्या तपासण्या मात्र निरंक आल्या, म्हणजे चिकित्सकाचे खरे काम सुरू होते. कारण यकृताची हानी औषधानेच झाली असे निर्विवाद सिद्ध करील अशी एकही रक्तपरीक्षा आजमितीस उपलब्ध नसून, इतर कारणे एकामागून एक बाद करीत आणि रुग्णाच्या जबानीतील तारखा जुळवीतच हे निदान करावे लागते. आपल्याकडे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई या विकाराची खातरजमा केल्यावाचून औषधावर दोष ठेवणे तर सर्वथैव अनुचित होय.

म्हणूनच जाणता चिकित्सक घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगतो. त्या पिशवीतून मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर गुडघेदुखीवर कोणी दिलेली बिननावाची पुडी निघते, कोडावर घेतलेले बावचीचे चूर्ण निघते, आणि यांपैकी काहीही रुग्णाने आपण होऊन सांगितलेले नसते. त्याने ते लपविलेले असते असे नव्हे. झाडपाल्याने अपाय होईल ही शंकाच त्याच्या मनाला कधी शिवलेली नसते. तेव्हा काढा, चूर्ण, भस्म, वजन घटविण्याची पूड अशी एकेक वस्तू नाव घेऊन, आणि आवाजात यत्किंचितही दटावणी न आणता, विचारली पाहिजे. गेल्या सहा महिन्यांचा तपशील हवा, कारण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारखे प्रतिजैविक संपून कित्येक आठवडे लोटल्यावरही कावीळ प्रकट होऊ शकते.

मग आकड्यांकडे वळावे. समजा, एसजीपीटी ८०० आहे आणि त्याची कमाल मर्यादा ४०, म्हणजे वाढ वीसपट. अल्कलाइन फॉस्फेटेज १८० असून मर्यादा १२०, म्हणजे वाढ दीडपट. पहिल्या पटीस दुसरीने भागले की तेरांहून अधिक येतात. हा भागाकार पाच वा अधिक असल्यास मार मुख्यतः यकृतपेशींवर, दोन वा कमी असल्यास पित्तप्रवाहावर, मधला असल्यास संमिश्र. पेशींवरील माराबरोबर कावीळही दिसली, तर सुमारे दहा टक्के रुग्ण दगावण्याचे भय असते, हे हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाचे निरीक्षण आजही प्रमाण मानले जाते. १९९३ पासून प्रचारात असलेल्या रुकॅम या पद्धतीत कालक्रम, औषध थांबविल्यावर पडलेला उतार व पर्यायी कारणे यांना गुण देऊन संशयाचे बळ मोजतात.

मद्याची खूण निराळी. तेथे एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असते, पण चारशेपलीकडे क्वचितच जाते. म्हणून मद्यपी माणसाचे आकडे हजारांत गेले तर केवळ दारूवर भार टाकून स्वस्थ बसू नये. अंगदुखीसाठी त्याने पॅरॅसिटॅमॉल किती घेतले, हे तत्काळ विचारावे, कारण त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका गुणकारी ठरतो.

वनौषधींच्या बाबतीत वाद अधिक. करोनाच्या काळात गुळवेल सेवन केलेल्या मुंबईतील सहा रुग्णांची हकीकत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने ती वनस्पती खरी गुळवेलच होती काय, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप मला गैरलागू वाटत नाही. परंतु बाजारात मिळणाऱ्या कांडीची ओळख ग्राहकास पटविता येत नसेल, तर त्या संदेहानेच धोका वाढतो, आणि म्हणून उरलेले चूर्ण वा कांडी फेकून न देता तपासणीसाठी जपून ठेवावी.

दोषी ठरलेले औषध पुन्हा देऊ नये, हा नियम सर्वमान्य आहे. क्षयरोगात मात्र तो जसाच्या तसा पाळता येत नाही, कारण उपचार सोडले तर रोगच बळावतो. तेथे एसजीपीटी मर्यादेच्या पाचपट, किंवा लक्षणे असताना तिपटीवर गेले की यकृतास बाधक गोळ्या थांबवितात, ते दुपटीच्या खाली उतरेपर्यंत वाट पाहतात, आणि मग रिफॅम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, अशी एकेक गोळी रक्त तपासत पुन्हा सुरू करतात. पायराझिनामाइड, विशेषतः हानी तीव्र झालेली असल्यास, बहुधा कायमचे वगळले जाते.