घरी तोंडपाठ असलेली पियानोची रचना स्टेजवर अचानक का आठवेनाशी होते?

घरी पन्नास वेळा वाजवली, एकदाही चूक नाही. कार्यक्रमात मात्र दुसऱ्याच मिनिटाला बोटं थांबली आणि पुढचा सूर काही केल्या आठवेना. हौशी पियानोवादकांच्या बाबतीत हे सर्रास घडतं. ‘सराव कमी पडला’ असं सगळे म्हणतात आणि काही जण तर त्यानंतर लोकांसमोर वाजवणंच सोडून देतात. पण बऱ्याचदा सराव भरपूर झालेला असतो. तो कसा केला, यावर सगळं अवलंबून असतं.

शरीरात नेमकं काय होतं?

चाळीस माणसं आपल्याकडे बघताहेत, हे मेंदूला संकटासारखंच वाटतं. ॲड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, बोटं गार पडतात, तळव्यांना घाम सुटतो. अशा वेळी रचना नेहमीपेक्षा जलद सुरू होते आणि अवघड जागा आली की तोच वेग अंगाशी येतो.

त्यात पाश्चात्य शास्त्रीय संगीतात पळवाट नाही. आपल्याकडे ख्याल गाताना एखादी तान मनासारखी आली नाही, तर गायक तिथूनच दुसरी वाट काढू शकतो. शोपँ किंवा बाखच्या रचनेत जवळजवळ प्रत्येक सूर लिहिलेला असतो.

मग पाठ केलेलं जातं कुठे?

पुन्हा पुन्हा वाजवून जे पाठ होतं, ती मुख्यतः हालचालींची आठवण असते. सायकल चालवण्यासारखी. एक हालचाल पुढच्या हालचालीला ओढून आणते. त्यामुळे रचना सुरुवातीपासून सलग येते, पण मधून सुरू करता येत नाही.

स्टेजवर आपण अचानक बोटांकडे लक्ष द्यायला लागतो. ‘आता डावा हात कुठे जाणार?’ हा प्रश्न मनात आला की आपोआप चाललेली साखळी तुटते. आणि परत जोडायला जवळ दुसरं काही नसतं.

यावर उपाय आहे का?

आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी पियानोवादक गॅब्रिएला इमरे यांच्यासोबत यावर काम केलं. बाखच्या ‘इटालियन कॉन्चेर्टो’चा शेवटचा भाग बसवताना इमरे यांनी केलेला सराव चित्रित करण्यात आला. तो सुमारे ३३ तासांचा होता. त्या रचनेचे तुकडे पाडून सराव करत होत्या आणि ठरावीक जागा मनात पक्क्या करत होत्या. दोनेक वर्षांनी त्यांना ती रचना आठवून लिहायला सांगितलं, तेव्हा तुकड्यांच्या सुरुवातीच्या जागा त्यांना सर्वांत चांगल्या आठवत होत्या.

रस्ता ओळखायला आपण जसं देऊळ, चौक, पेट्रोल पंप लक्षात ठेवतो, तसंच हे. बोटं अडली तरी पुढच्या खुणेवर उडी मारता येते.

हे घरी कसं करायचं?

– रचनेत आठ-दहा खुणा ठरवा आणि कोणत्याही खुणेपासून वाजवता येईल असा सराव करा. कधी शेवटच्या तुकड्यापासून मागे या.
– डावा हात एकटा वाजवा. पियानोपासून दूर बसून रचना मनात ऐकून बघा.
– कार्यक्रमाआधी दोन-चार वेळा घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर वाजवा. चुकलं तरी थांबायचं नाही, हा नियम ठेवा.
– नोटेशन समोर ठेवायला लाजू नका. जगप्रसिद्ध पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर उतारवयात नोटेशन समोर ठेवूनच मैफली करत.

आणि भीतीचं काय?

ती घालवायच्या मागे लागू नका. २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांसमोर गाण्यापूर्वी ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणारे जास्त बरोबर गायले. धडधड दोन्हीकडे सारखीच असते, फक्त तिला दिलेलं नाव वेगळं.

हात थरथरू नयेत म्हणून काही वादक बीटा ब्लॉकर गोळ्या घेतात. ते हृदयाचं औषध आहे आणि दमा असणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

हे फक्त हौशी लोकांचंच होतं का?

अजिबात नाही. शोपँला मोठ्या गर्दीसमोर वाजवणं नकोसं वाटायचं. त्याच्या आयुष्यभरातल्या जाहीर मैफली साधारण तीसच भरतात. व्लादिमिर होरोविट्झ तर १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं स्टेजपासून दूर राहिले.

हौशी माणसाला मोठी रचना झेपत नाही, असंही नाही. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’चे तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर यांनी २०१० मध्ये शोपँची जी मायनर बॅलाड वर्षभरात बसवायचं ठरवलं. ही नऊ-दहा मिनिटांची रचना भल्याभल्यांना घाम फोडते. वय पन्नाशीच्या पुढे, त्यातच विकिलीक्स आणि फोन हॅकिंगच्या बातम्यांची धामधूम. तरी रोज वीसेक मिनिटं काढून त्यांनी सराव केला. ठरवलेली मुदत टळली, पण त्यांनी ती श्रोत्यांसमोर वाजवली आणि २०१३ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं.

तुमचा कार्यक्रम जवळ आला असेल, तर आजच्या सरावात रचना पहिल्या सुरापासून सुरू करू नका. मधली एखादी जागा निवडा आणि तिथून वाजवून बघा. अडलात, तर आणखी कुठे काम करायचं ते तिथेच कळेल.